मोठेबाबा पत्त्यांत लबाडी करायचे

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नौदलात होते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांच्याआधी कुणी समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांच्यानंतर कुणाला पाहायची इच्छा झाली नाही. बांगलादेशच्या लढाईत पाकिस्तानच्या पाणबुडीनं त्यांचं जहाज बुडवलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. गावच्या शाळेत दर हिवाळ्यात त्यांचा स्मृतिदिन होतो. फलकावर बर्फ, रणगाडा आणि भलत्याच माणसाच्या मिशा असतात. त्यांची बायको, माझी मोठीआई, पहिल्या रांगेत बसून भाषणं ऐकते आणि मधेच मला विचारते, "हा कोनाचं बोलून राह्यला?"

काही वर्षांपूर्वी त्या जहाजावरून वाचलेले एक म्हातारे तिला भेटायला आले. विशाखापट्टणमकडचे. आमची थंडी त्यांना सोसेना. भर दुपारी अंगणात माकडटोपी घालून बसले. मोठीआईला तेलुगू बाजारापुरतं येतं, त्यांना मराठी अजिबात नाही. मी तेलुगू शाळेत शिकलेला, म्हणून दुभाष्या मी.

म्हातारे बोलायला लागले आणि माझी पंचाईत झाली. शूरवीराची गोष्ट ऐकायला आम्ही सारं घर जमवलं होतं. ते सांगत होते, की जहाज जरा हललं की मोठेबाबांना उलट्या व्हायच्या. आपल्या बापाचं जंगल आहे, त्यात पाळलेले वाघ आहेत, अशी थाप त्यांनी सगळ्या जहाजाला मारली होती. आमच्याकडे होती वांग्याची वाडी.

"लय चांगला मानूस होता म्हन्तेत," मी सांगितलं.

मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं. "ते येवढं लंबं बोलले आन तू येवढुसंच सांगून राह्यला. काऊन? सारं सांग."

सारं सांगितलं. वाघांपाशी ती इतकी हसली की ठसका लागला. "मलेबी लग्नात हेच सांगतलं होतं. मी वाघ पाहाले आली, त वांगी निंगाली."

म्हातारेही हसले. मग टोपी काढून हातात धरली आणि पुढचं सांगितलं. त्या रात्री डेकवरचा पहारा मोठेबाबांचा होता. त्यांनी पत्त्यांचा डाव मांडला, हरेल त्यानं वर जायचं. ते जिंकले आणि पांघरूण घेऊन आडवे झाले. "त्याच्या बाहीत एक्का होता, मला दिसला होता," म्हातारे म्हणाले. "भांडायचा कंटाळा केला. शिव्या घालत वर गेलो, आणि थोड्या वेळानं जहाज फुटलं. मी पाण्यात फेकला गेलो. तो जिथं झोपला होता, तिथला कुणीच वर आला नाही."

हे सांगताना मी काही गाळलं नाही. पायरीवर बसलेल्या मोठीआईनं पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

"त्याहिले विचार, खाली थंडी होती का?"

"नाही वदिना," म्हातारे म्हणाले. वदिना म्हणजे वहिनी. "खाली ऊब होती."

"मंग झोपला असन. झोपला का त्याच्या अंगावरून बैलगाडी गेली तरी त्याले कये ना." डोळे पुसून तिनं विचारलं, "खाली आनखी कोन होतं?"

कोकणातला एक होता, रोज कपड्यांना इस्त्री करणारा. एक पंजाबचा, चोरून साखर खायचा. आणि केरळचा एक पोरगा, मिशी फुटायची वाट पाहत असलेला. प्रत्येकाचं लग्न झालं होतं का, हे तिनं विचारून घेतलं. केरळच्या पोराचं म्हाताऱ्यांना आठवेना, तर तिनं त्यांच्याकडे रागावून पाहिलं.

तेव्हापासून दर स्मृतिदिनाला ती घरी या सगळ्यांची पानं वाढते. ठेचासुद्धा.

"त्याहिच्या घरचे वाढतच असतीन ना," मी एकदा म्हणालो.

"वाढू दे. दोनदा जेवतीन. मेल्या मानसाले का अजीर्ण होते?"

म्हातारे त्या दिवशी फोन करतात. ते तेलुगूत बोलतात, ती मराठीत, आणि बोलणं लांबतच जातं. मला कुणी बोलावत नाही.