चाळणीबाईंचा राग

माती तपासणी केंद्रातल्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणतात. बावीस वर्षं त्या सावलीत माती सुकवतात, ढेकळं फोडतात आणि चाळतात. माणसांचं बोलणंही तसंच चाळतात. खाली फारसं काही पडत नाही, म्हणून नाक कायम फुगलेलं. आज ते शेंड्यापर्यंत लाल होतं, कारण समोर सख्खा थोरला भाऊ उभा होता, हातात घेवड्याची पिवळी रोपं घेऊन.

"अर्धं शेत असं झालंय," दादा म्हणाला. "उरलेलं उद्या पेरतोय, बियाणं स्कूटरवरच आहे."

"चुना टाकलास?"

"कशाला? भात उभा होता तेव्हा खतवाल्याने चिखलात आंबटपणा मोजायचं मीटर खुपसलं. साडेसहा आलं. म्हणाला, माती झकास आहे, जस्ताची बाटली फवार."

"आणि मी चार पॉइंट नऊ, म्हणजे आंबट, लिहिलं होतं ते?"

"तो शेतात आला होता. तू कधी आलीस?"

बाईंनी रोपं उलटी केली. मुळांवर नत्र धरणारी एकही गाठ नव्हती.

दादाने पिशवीतून चिखल काढला. खालच्या कोपऱ्यात अजून पाणी होतं, तिथला. बाईंनी मोजला. सहा पॉइंट चार. दादा मिशीत हसला. मग बाईंनी त्याच कोपऱ्यातली, भाताआधी आणून सुकवलेली माती डब्यातून काढली, पाण्यात ढवळली, मीटर बुडवलं. चार पॉइंट नऊ.

दादाची मिशी खाली आली. "म्हणजे माती खोटं बोलते?"

"भातात पाणी साचलं की आंबटपणा दबतो, उतरलं की परत येतो. तू तिला आंघोळीत गाठलंस आणि म्हणालास, किती स्वच्छ आहे. घेवड्याच्या गाठींना हवं मॉलिब्डेनम, ते आंबट मातीत अडकून बसतं, चुन्याने सुटतं. आणि तू जस्त पाजतोयस."

"हे रिपोर्टात कुठे लिहिलंय?"

बाईंनी त्याच्या खिशातला रिपोर्टचा कागद ओढून घेतला. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘चुना द्यावा’, बस्स. बावीस वर्षं त्या हाच कागद लोकांच्या हातात देत होत्या. आता चिडायचं कोणावर? त्यांनी लाल पेनाने आडवं लिहिलं: ‘ओल्या चिखलाचं माप धरू नका.’ कागद फाटला.

"स्कूटरवरचं बियाणं आण."

आणलेली पिशवी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "चुना मुरल्यावर ने. तीन आठवडे."

"अगं, पण..."

"उद्या दोन फावडी ठेव. मी येतेय. आणि दिवसभर माझ्याशी बोलू नकोस."