मलिद्यात बरबटलेली राणी

मुंगीची मला किळस आहे. भीती नव्हे, भीती असती तर चारचौघांत सांगायला तरी बरी. चाळिशी उलटलेला बाप मुंगी बघून अंग चोरतो, याची आमच्या घरात सगळ्यांना मजा वाटायची.

इस्रायलमधल्या आमच्या येरुहाम गावात सुक्कोतचा सण सरला आणि पाऊस शिंपडून गेला की जमिनीतून पंखवाल्या मुंग्या उठतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझ्या धाकट्या मुलीने शाळेच्या वाटेवर एक काळीभोर, जाडजूड मुंगी पकडली आणि काचेच्या नळीत घालून घरी आणली. पंख नव्हते. मुलीचं म्हणणं, ही राणी, हिने पंख टाकून दिलेत, हिला पाळायचं. बायकोने निकाल दिला: राणी असेल तर राहील, साधी कामकरी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत घराबाहेर. ठरवणार कोण, तर मी. कारखान्यात तयार मालावरच्या बारीक चिरा भिंगातून शोधायच्या, हेच माझं पोटापाण्याचं काम.

मी रोज उद्यावर ढकललं. त्यात मंगळवारी आमच्याकडे नवसाचा मलिदा झाला. एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा घरातल्या कुणालाही वगळून खायचा नाही, ही माझ्या आईची शिस्त. मला काय बुद्धी सुचली, गोड पोह्या-खोबऱ्याचा एक घास काडीने त्या नळीत सारला. पाहुणी उपाशी नको.

शुक्रवारी दुपारी बूच काढलं तर आंबूस भपका आला. पोह्यांवर करडी लव उगवलेली, साखरेचं चिकट पाणी सुटलेलं, आणि त्या राड्यात पाय रुतलेली ती बया. मुलगी तिच्या हिब्रूत सांगू लागली की राणीला महिनोन्‌महिने खायला लागतच नाही, अंगातल्या पंखांच्या स्नायूंवर ती जगते. मग विचारलं, हे आत कुणी घातलं? मी भिंग पुसत बसलो.

धुवावंही मलाच लागलं. ओला कापूस लावला तर तिने तो जबड्यात पकडला आणि सोडेना. तिची ती ओढ थेट माझ्या बोटांत कळत होती. मला घामच फुटला. नुसत्या आकाराने ठरत नाही, मोठ्या डोक्याच्या कामकऱ्याही धिप्पाड असतात, असं मुलीने आधीच बजावलं होतं. बघायची होती पाठ, राणीच्या पाठीवर गळलेल्या पंखांच्या खुणा राहतात; आणि पाठीवरच तर बुरशी.

एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. ‘कामकरी’ म्हटलं की संपलं. मुलीचं लक्ष मुंगीकडे नव्हतंच, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

कापूस शेवटचा एकदा फिरवला. पाठीचा भाग चांगला फुगीर, आणि दोन्ही बाजूंना, पंख मोडले तिथे, बारीक वण. अशा खुणा कारखान्यात माझ्या नजरेतून कधी निसटल्या नव्हत्या.

“आहेत,” मी म्हणालो.

“म्हणजे काय हो?” बायकोने आतून विचारलं.

“म्हणजे राणी आहे. राहणार.”

मुलीने माझ्या हातातून भिंग ओढून स्वतः खात्री केली. मग आनंदाने सांगितलं की अशी राणी दहा-पंधरा वर्षंसुद्धा जगते. मी जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. परत येईतो मायलेकींनी नवी नळी भरून तिच्यासाठी जागाही शोधली होती. तिला अंधार लागतो आणि कुणाची ये-जा नको. घरात तशी जागा एकच निघाली, माझ्या कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण.