भागुबाईची उतरण

सारिका कुसगावच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. वय बत्तीस, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं तिला खपत नाही. सोमवारी सुट्टी. त्या दिवशी ती आंदर मावळात आईकडे जाते. एसटीने नव्हे, सायकलने, आणि तेही डांबरी रस्ता सोडून डोंगरातून. छातीवर कॅमेरा बांधलेला. पठारावरून उतरणाऱ्या गुरवाटा, ओढ्यातले धोंडे, जेमतेम चाक मावेल असे बांध, सगळं चित्रित करून ती इंटरनेटवर टाकते. उतारावर ही बाई ब्रेक कमी आणि डोकं जास्त वापरते, असं लोणावळ्याच्या एका सायकल क्लबची अनघा म्हणते, आणि अनघा उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही.

या अनघानेच नोव्हेंबरात चाळीस सायकलस्वार आणायचं ठरवलं आणि वाट दाखवायचं काम सारिकाला दिलं. ते जमलं तर पुढच्या वर्षी हॉटेलच्या चादरी सोडून हेच काम करायचं, असं सारिकाने ठरवून टाकलं होतं. वाट कोणती, तर भागुबाईची उतरण. तिच्याएवढी सरळ, लांब आणि छातीत धडकी भरवणारी दुसरी नाही.

भागुबाई म्हणजे सारिकाची चुलत काकी, सत्तरीची. तिच्या उतरणीवरचं गवत पावसाळाभर राखलेलं असतं. दिवाळीनंतर कापायचं, त्यावर गुरांनी उन्हाळा काढायचा. कुंपणबिंपण काही नाही. वाटेच्या दोन्ही अंगांचे झुबके ओढून मध्ये गाठ मारली की उतरण बंद. मालकिणीने गाठ सोडली की कुणीही गुरं घालावीत. गावात हे शेंबडं पोरही जाणतं.

सारिकाही जाणत होती. पण गाठीत पुढचं चाक अडकलं तर दात पडायचे. म्हणून ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तिने वरची गाठ सोडली, खालची सोडली, झकास चित्रण केलं आणि गाठी तशाच सुट्या ठेवून आईकडे जेवायला गेली. घरचंच गवत, आपण काय म्हशी आहोत का, असा हिशेब.

म्हशी मारुतीकडे होत्या. पलीकडच्या वाडीच्या या गुराख्याने सुटलेल्या गाठी पाहिल्या, म्हातारी यंदा कापत नाही असं समजला आणि बारा म्हशी आत घातल्या. दोन दिवसांत अर्धी उतरण साफ.

पुढच्या सोमवारी सारिका पोचली तेव्हा देवळासमोर भागुबाईने मारुतीला धरलं होतं.

“गाठ सुटल्याली व्हती, काकी,” मारुती सांगत होता.

“वाऱ्यानं सुटली का? साट वर्सांत मी तर पायली न्हाई.”

“म्हसरं चारतो मी. चोऱ्या न्हाई करत.”

“मग म्हशींनीच सोडली आसंल. लय शिकल्याल्या हायेत तुज्या म्हशी.”

माणसं हसली. मारुतीने मान खाली घातली.

सारिका गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. इंटरनेटवर तिने गाठींनंतरचाच भाग टाकला होता. पण मूळ चित्रण फोनमध्ये होतं. सायकल भिंतीला टेकवायला लागला तेवढाच वेळ तिने विचार केला. मग फोन म्हातारीसमोर धरला. पडद्यावर हातमोजे घातलेले दोन हात गाठ सोडत होते.

“हे हात कुनाचं?”

“माझे, काकी. परत बांधायला हवी होती, नाही बांधली. मारुतीभाऊंचा काही दोष नाही.”

“परत दाव.”

तीनदा पाहिलं. मग भागुबाई मारुतीला म्हणाली, “च्या घिऊन जा.” तिच्याकडून एवढीच माफी मिळते. सारिकाला म्हणाली, “आन् तू, माज्या उतरणीवर चाक दिसाया नगं.”

सारिकाने तिथेच अनघाला फोन लावला आणि वाट गेल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं, आडपडदा न ठेवता. फोन ठेवून काकीकडे वळली. “गेलेल्या गवताच्या जागी आमचा यंदाचा भाताचा पेंढा घ्या.” आईला विचारलं नव्हतं. ते नंतर बघू.

भागुबाई दुसऱ्याच विचारात होती. “किती मान्सं येनार व्हती?”

“चाळीस.”

“धडधाकट?”

“सायकली खांद्यावर घेऊन डोंगर चढतात.”

“ऱ्हायल्यालं गवत मी कापून ठेवते. खाली आणाया मानूस मिळत न्हाई. भारं उतरवा, मग घाला चाकं. पेंढा तर मी घेनारच.”

अनघा फोनवर आधी हसली, मग हो म्हणाली.

नोव्हेंबरातल्या ठरलेल्या रविवारी चाळीस हेल्मेटं भारे घेऊन उतरणीवरून खाली आली. पुण्याच्या एका सर्जनचा भारा तीनदा सुटला. “मान्सं शिवतोस न्हवं? मग ह्यो बांधाया येत न्हाई व्हय रं?” भागुबाईने त्याला सगळ्यांदेखत विचारलं. सायकली निघायला दोन तास उशीर झाला आणि त्याबद्दल कुरकुरणाऱ्यांना सारिकाने आणखी एकेक भारा दिला.

मग ती वर जाऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. कॅमेरा सुरू केला.

“मदी धोंडा हाय,” खालून भागुबाई ओरडली.

“माहीत आहे, काकी. बाजूला व्हा,” सारिका म्हणाली आणि ब्रेक सोडले.