छातीवर लेक, पाठीशी मावशी

लेक झाली त्या आठवड्यात मी कार्ल्याच्या एकवीरा आईवर रुसलो होतो. एरवी मी फार मागणारा भक्त नाही. कुसगावातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर मी काम करतो. धुक्यामुळे खोलीतून दरी दिसली नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्यांना शांत करणं हा माझा रोजचा उद्योग, त्यामुळे सारखं काहीतरी मागणाऱ्यांबद्दल देवीला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. पण या वेळी मी मागितलं होतं. लेकीला कावीळ होती आणि तपासणीसाठी रोज सकाळी तिच्या टाचेला सुई टोचून रक्त घ्यायचे. ती सुई तेवढी थांबव, एवढंच माझं मागणं होतं. दुसऱ्या दिवशीही सुई आली, तेव्हा मी मोबाइलवरचा देवीचा फोटो काढून तिथे गाडीचा फोटो लावला.

माझी बायको मनीषा सिझेरियननंतर रक्तदाब वाढल्यामुळे वरच्या मजल्यावर होती. तिला खाली येता येत नव्हतं. लेक खालच्या मजल्यावर निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून, तलावाकाठी ऊन खात पडलेल्या पर्यटकासारखी पहुडलेली. मी दोघींच्या मध्ये, जिन्यात. सुईची मला लहानपणापासून धास्ती आहे. सिस्टर ट्रे घेऊन आल्या की मी चहाला म्हणून निघायचो. दवाखान्याच्या दारातच चहाची टपरी होती, तरी मी पार स्टेशनपर्यंत जायचो. पण तिचं ते रडणं माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत यायचं.

शेवटी डॉक्टर मॅडमनी मला जिन्यातच गाठलं. मी विचारलं, "मॅडम, दुखू नये म्हणून तिला एखादं औषध नाही का देता येणार?"

"एवढ्याशा टोचण्यासाठी औषध लागत नाही. तुम्ही लागाल," त्या म्हणाल्या. "बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर घेतलं की दुखणं कमी जाणवतं. मनीषाचं थोडं दूध काढून घेऊ, ते थेंब थेंब जिभेवर देऊ. उद्या चहाला जाऊ नका."

त्या दिवशी मी गाडीचा फोटो काढून परत देवीचा लावला.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, "बाबा, शर्ट काढा." आदल्या दिवशी सगळं समजावलेलं असूनही क्षणभर मला वाटलं, सुई मलाच आहे. शर्ट काढून खुर्चीत बसलो. त्यांनी लेकीला नुसत्या लंगोटावर माझ्या छातीशी उभं ठेवलं आणि वरून दुपटं घातलं. ती गरम होती, आणि हातातली पिशवी कुठेतरी विसरून आल्यासारखं वाटावं इतकी हलकी. तिने माझ्या छातीत तोंड खुपसून दूध शोधायला सुरुवात केली. तिचा तो गैरसमज कसा दूर करावा ते मला कळेना. तेवढ्यात सिस्टरनी ट्रे उघडला. मला सुई दिसली आणि खोली हळूहळू एका बाजूला कलायला लागली.

"जावईबापू, सरळ बसा. पोरगी हाय अंगावर."

मागून दोन दणकट हात माझ्या खांद्यांवर पडले. मान वळवून पाहिलं तर नऊवारी नेसलेल्या एक मावशी. हातातला डबा त्यांनी बाजूला ठेवला होता. "सुदुंबऱ्यास्नं आले, पहिल्या गाडीनं. तुमी मला न्हाई वळखायचं," त्या म्हणाल्या. मनीषाच्या माहेरी मावश्या इतक्या आहेत की लग्नात पाया पडता पडता माझी कंबर धरली होती. ही त्यातलीच एखादी असणार, असं समजून मी मान डोलावली. कोण म्हणून विचारायची सोय नव्हती, आणि त्राणही नव्हतं.

मावशींनी डोकावून पाहिलं. "नाक बगा, आमच्याच घरान्याचं." मग माझे खांदे धरून त्या संथपणे डुलायला लागल्या. त्यांच्याबरोबर मी, माझ्याबरोबर लेक. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तेवढं जरा थांबा, बाळाचा पाय हलतोय." आम्ही तिघंही थांबलो. सिस्टरनी चमच्याने दुधाचे थेंब लेकीच्या ओठांत सोडले, मग टाच हातात घेतली. मी डोळे मिटले. आई, आता तूच बघ, एवढंच मनात आलं. सुई थांबव म्हणायचं राहूनच गेलं.

एक बारीकसं कुरकुरणं ऐकू आलं. मग चुटूचुटू चोखल्याचा आवाज. डोळे उघडले तर टाचेला कापूस लागला होता, लेक ओठ चाटत होती आणि रडत मी होतो. मावशींनी पदराने माझं नाक पुसलं.

"आता आमची शीतल कुटं हाय ती सांगा. तिला लाडू द्यायचेत."

"शीतल कोण?" मी विचारलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मी मावशींकडे. मावशींना दोन प्रश्न विचारून उलगडा केला तो सिस्टरनी. मावशींच्या भाचीचं, म्हणजे शीतलचं, बाळंतपण याच रस्त्यावरच्या पुढच्या दवाखान्यात झालं होतं. मावशींनी पुन्हा एकदा लेकीचा चेहरा निरखला. "व्हय की. तरीच म्हनलं, नाक जरा बसकं कसं." मग डब्यातले चार लाडू काढून त्यांनी खिडकीत ठेवले. "लेकीच्या आईला द्या. माझ्या भाचीला उरलेले लय हायेत," म्हणाल्या आणि निघाल्या. छातीवर लेक झोपलेली, अंगात शर्ट नाही. मला दारापर्यंतही जाता आलं नाही.

पुढे कावीळ उतरली, मनीषाही सावरली. दीड महिन्याच्या लसीच्या वेळी तिने लेकीला पाजायला घेतलं आणि सिस्टरनी तसंच इंजेक्शन दिलं. मी शेजारी उभा होतो, बऱ्यापैकी सरळ.

त्या बाईंना देवीने पाठवलं की त्यांचा दवाखाना चुकला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की सुई यायची तेव्हा येते. लेकीने काही विचारलं नाही, जिथे ऊब मिळाली तिथे अंग टाकलं. मीही त्या सकाळी, नाइलाजाने का होईना, तेच केलं होतं.

लेकीला घेऊन कार्ल्याला गेलो तेव्हा देवीसमोर हात जोडून बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. माफी, आभार, मावशींसाठी दोन शब्द. पण नजर भिडली आणि काहीच आठवेना. रांगेत मागे असलेल्या कुणीतरी पाठीला हात लावून म्हटलं, "दादा, सरका पुढं." मी लेकीला छातीशी धरलं आणि सरकलो.