तळ्याच्या दारावरचे मामा

माझ्या मामांनी सव्वीस वर्षं एका तळ्याच्या दारावर बसून लोकांचे खिसे तपासले. तळं म्हणजे काठावर बगळे असतात तसलं नव्हे. अणुवीज केंद्राच्या आत, तीन जाड दारांच्या पलीकडे, पोलादाचं अस्तर लावलेला एक खोल हौद आहे. भट्टीत वापरून झालेलं इंधन त्यात पाण्याखाली वर्षानुवर्षं निवत ठेवतात. तिथली माणसं त्या हौदाला तळं म्हणतात आणि मामांना दोरीवाले.

दोरीवाले का, ते सांगते. त्या तळ्यात वरून काहीही पडता कामा नये. पेनाचं टोपण नाही, बटण नाही, केसातली पिन नाही. एखादी बारीकशी वस्तू इंधनाच्या नळ्यांमध्ये जाऊन अडकली तर ती काढताना मोठमोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून दारावरचा माणूस आत जाणाऱ्याच्या अंगावरची प्रत्येक सुटी वस्तू वहीत लिहितो, चष्म्याला मागून दोरी बांधतो, न निघणाऱ्या अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळतो, आणि माणूस बाहेर आला की तीच यादी पुन्हा वाचतो. एकदा एका फिटरचं एक बटण कमी भरलं. अकरा तास काम बंद. शेवटी बटण त्याच्याच मोज्यात सापडलं. ही गोष्ट मामा अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे लढाईवरूनच आलेत.

मी शिवणकाम करते. लोकांच्या बटणांकडे माझंही लक्ष असतं, पण त्यासाठी मी कुणाला अकरा तास कोंडून ठेवत नाही. मामा मात्र नोकरी घरी घेऊन यायचे. मी, आई आणि मामा कुठे निघालो की दारात उभे राहून "दोन चष्मे, एक छत्री, एक पिशवी" असं पुटपुटायचे, परतल्यावर पुन्हा तेच. माझं डोकं फिरायचं. एकदा छत्री बसमध्ये राहतेय हे मला दिसत होतं, तरी मी बोलले नाही. घरी आल्यावर मामांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. दुष्टपणाच तो, दुसरं काय.

मामा तीन वर्षांचे असताना आजी गेली. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, अक्षरओळख करून दिली, आणि लग्न झालं तेव्हा सोबत घेऊनच सासरी आली. मामांनी स्वतः लग्न केलं नाही. माझे वडील गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. मामा अठ्ठावन्न वर्षांचे झाले तरी आई त्यांना धाकट्याच म्हणते.

तळ्याच्या तळाशी निळा उजेड असतो. दिवा नाही, वायर नाही, इंधनाभोवतीचं पाणीच उजळतं. मामांना ती नोकरी लागली त्याच आठवड्यात आईने जेवताना विचारलं, कसा दिसतो रे तो? मामांनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि सांगायला सुरुवात केली. ते सांगणं सव्वीस वर्षं चाललं. कधी तो उजेड शाईसारखा असायचा, कधी गॅसच्या मंद ज्योतीसारखा, तर कधी या काठापासून त्या काठापर्यंत अख्खं आभाळ खाली उतरल्यासारखा. आई जेवायची थांबायची. मी म्हणायचे, मामा, गेल्या महिन्यात तर शाई होती. असं म्हटलं की आई माझ्यावर डोळे वटारायची आणि मामांना म्हणायची, तू बोल रे.

मग आईला काचबिंदू झाला. नजर कडांनी मिटत आली आणि मधे एक छोटं भोक तेवढं उरलं. ताट दिसलं तर पेला दिसत नाही, माझा एक डोळा दिसला तर दुसरा शोधावा लागतो. डॉक्टर म्हणाले, वर्ष निघेल, पुढचं सांगता येत नाही. आईने दोन दिवस काही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, डोळे जायच्या आधी मला तो निळा उजेड बघायचाय, बाकी सगळं बघून झालंय.

मामांचा घास हातातच राहिला. म्हणाले, परवानगी मिळत नाही. आई म्हणाली, निवृत्त होणाऱ्याला घरची दोन माणसं आत नेऊन दाखवता येतात, शेजारच्या वेल्डरच्या बायकोने सांगितलंय. मामा म्हणाले, जिने फार आहेत. आई म्हणाली, चढेन. महिनाभर हे असंच. मला वाटलं, यांना आपली लाज वाटते. साहेबांसमोर चाचपडत चालणारी बहीण कशाला दाखवा, असा हिशेब असणार. मी तसं तोंडावर बोलूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी मामा अर्ज भरून आले.

गेलो तो दिवस त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातला. मामा सकाळीच कामावर गेले होते. दुपारी आम्ही दोघी फाटकाशी पोचलो. आम्हाला फिरवायला एक तरुण इंजिनीअर मुलगी आली होती, अगदी हळू आवाजात बोलणारी. तिने आमच्या छातीवर एकेक बिल्ला लावला. अंगावर किती किरणं पडली ते त्यात कळतं म्हणे. मग पांढरे झगे घातले. खिसा नाही, बटण नाही, सगळी शिवण दुहेरी. ज्याने कुणी ते शिवले त्याचा हात चांगला होता.

पहिलं दार आमच्या मागे मिटलं तेव्हाच दुसरं उघडलं. आत दिवस नव्हता आणि रात्रही नव्हती. एकसारखा मऊ उजेड, पायांखाली चकचकीत जमीन, आणि कुठूनतरी येणारा एक घुमारा, जो आधी कानाला कळला नाही, तळपायांना कळला. आई माझ्या हाताला धरून चालत होती. भेटणारी माणसं पांढऱ्या झग्यांत, पांढऱ्या टोप्यांत, आवाज न करता समोरून यायची आणि मान लववून जायची. मला वाटत होतं, मी घरी मशीनवर डोकं टेकून झोपलेय आणि हे सगळं झोपेत चाललंय.

मुलगी सांगत होती. इंधनाच्या गोळ्या असतात, करंगळीच्या पेराएवढ्या. त्या लांब नळ्यांत भरतात, नळ्यांच्या मोळ्या बांधतात, मोळ्या भट्टीत उभ्या करतात. तिथे अणू फुटतात आणि त्यांतून उष्णता निघते. जाळ नाही, धूर नाही. वरून दांडे खाली सोडले की फुटणं मंदावतं, वर ओढले की वाढतं. त्या उष्णतेने पाणी तापतं, ते दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, वाफ चाकं फिरवते, चाकांवर वीज तयार होते. मग तिसरं पाणी येऊन वाफेला थंड करतं आणि तिचं पुन्हा पाणी होतं. ही तिन्ही पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत, शेजारून जातात आणि उष्णता तेवढी देतात.

"म्हणजे एवढा खटाटोप पाणी उकळायला," आई म्हणाली. मुलगी हसली आणि म्हणाली, शेवटी तेच आहे, आजी.

चाकांच्या दालनात आम्ही वरच्या सज्जावर उभ्या राहिलो. खाली एक लांबलचक हिरवं धूड पडलं होतं, त्यात काही हलताना दिसत नव्हतं, तरी कठडा थरथरत होता. आईने कठड्याला दोन्ही तळवे लावले आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, थांब गं, छान वाटतंय. नियंत्रण कक्ष आम्ही काचेतून पाहिला. चार माणसं शेकडो दिव्यांसमोर स्वस्थ बसली होती. काहीच घडत नव्हतं, आणि मुलगी म्हणाली की काहीच घडू नये हेच त्यांचं काम. असलं काम मला मिळालं असतं तर मी पहिल्या दिवशीच घोरले असते.

मग जिने. एकोणनव्वद पायऱ्या आई चढली. वर एक अरुंद मार्गिका होती, तिच्या टोकाला पिवळी रेघ मारलेली, आणि रेघेच्या अलीकडे स्टुलावर मामा.

घरातले मामा आणि हे मामा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ताठ बसलेले, टोपी कपाळापर्यंत. आईला म्हणाले, "बाई, हात पुढे करा." पंचावन्न वर्षं ज्याच्या ताटात ती वाढत आली तो तिला बाई म्हणत होता, आणि आईनेही मुकाट हात पुढे केले. त्यांनी तिच्या केसांतल्या पिना एकेक काढून डबीत ठेवल्या. चष्म्याला दोरी लावली आणि ती तिच्या डोक्यामागे बांधताना दोनदा सोडून पुन्हा बांधली.  वहीत लिहिलं, चष्मा एक. आईने विचारलं, येतोस ना आत? मामा वहीतून वर न बघता म्हणाले, मला जागा सोडता येत नाही.

तेव्हा माझं लक्ष स्टुलाकडे गेलं. स्टूल भिंतीला पाठ लावून होतं, तोंड जिन्याकडे. तळं त्या भिंतीच्या मागे. मामांच्या जागेवरून पाण्याचा एक थेंबही दिसत नव्हता.

आत पाऊल टाकल्यावर मी मुलीला हळूच विचारलं, मामा इथे येतात की नाही? ती म्हणाली, दारावरचा माणूस आत येत नाही. तो आत आला तर त्याची नोंद कोण करणार? दुसऱ्या कुणाला बसवून येता येतं, पण त्यांनी कधी मागितलंच नाही. आम्हाला वाटायचं त्यांना हौस नाही.

 महिनाभर त्यांनी का टाळलं ते मला आत्ता कळलं, आणि मी त्यांना काय काय बोलले होते तेही सगळं आठवलं.

मुलीने दिवे मंद करायला सांगितलं. पाणी इतकं नितळ होतं की आहे की नाही तेच कळेना. खोल खाली ओळीने चौकोनी कप्पे, बहुतेक काळे. कारण जुनं इंधन आता उजळत नाही, नुकतंच काढलेलं तेवढं उजळतं. ते पार लांबच्या कोपऱ्यात होतं. पाच-सहा कप्पे. आणि त्यांच्याभोवती निळं. मी त्याला दुसरा शब्द देणार नाही, घरात शब्द फार झालेत. 

आई कठड्याशी उभी राहून मान फिरवत होती. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. मी सांगत होते, आणखी उजवीकडे, खाली, नाही, फार खाली गेलीस. एवढ्या मोठ्या हौदात तिला एका वेळी पेल्याएवढं दिसत होतं. "नुसतं काळं आहे गं," ती म्हणाली. मग पुन्हा शोधलं. मग ती थांबली. म्हणाली, "धाकट्याला बोलाव. तो सांगेल तसं मला दिसेल."

मी मुलीकडे पाहिलं. ती काही न विचारता बाहेर गेली. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. मी बसते, माझं दाराचं प्रशिक्षण झालंय.   मग तिने मोठ्याने वाचलं, चष्मा एक, घड्याळ एक. आणि मामा रेघ ओलांडून आले, मानेमागे दोरी लोंबत, एकेक पाऊल जपून टाकत. त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. सवयीने आईच्या हातांकडे बघत तिच्यापर्यंत आले.

"सांग," आई म्हणाली.

मामांनी कठडा धरला. "ताई, मी कधी पाहिलंच नाही. पहिल्या आठवड्यात तू विचारलंस, मी आपलं ठोकून दिलं. मग वाटलं, बघायला गेलो आणि वेगळंच निघालं तर तुला काय तोंड दाखवू."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "दर वेळी वेगळा सांगायचास. मी काय खुळी आहे? मला तू सांगायचास ते आवडायचं. आता बघ, आणि सांग."

मामांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत होते. सव्वीस वर्षं बोलणारा माणूस, त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून शब्द निघेना. निळं त्यांच्या चष्म्याच्या काचांत दिसत होतं. आई वाट बघत उभी होती.  मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

शेवटी मामा आईच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही तळव्यांत त्यांनी तिचं डोकं धरलं, आणि फार हळू, अगदी बोटभर बोटभर, ते उजवीकडे वळवलं. मग थोडं खाली. मग आणखी थोडं उजवीकडे.

"थांब," आई म्हणाली.

ते थांबले. तिघंही हललो नाही. पाणीसुद्धा हलत नव्हतं.

"लहान आहे रे," आई म्हणाली.

"हो ताई. मी उगाच मोठा करून सांगत होतो."

"बरं आहे ना लहान आहे ते," आई म्हणाली. "सगळंच्या सगळं दिसतंय मला."