दिवाळी न उलटलेला नंबर

नवीन नंबर कुणाला देण्याआधी नागनाथअण्णा तो एकदा मोठ्याने म्हणून बघत. बारशाला नाव म्हणून बघावं तसा. डबा उघडण्यापूर्वी कमरेचा पेजर काढून टेबलावर उपडा ठेवत. कुणी घाई केली की "स्वल्प थांबा" म्हणत, आणि खरंच थांबत. गिऱ्हाईक उठून गेल्यावर त्याची खुर्ची स्वतः सरळ करत. बंद पडलेल्या नंबराला आम्ही ऑफिसात 'डेड' म्हणायचो. ते म्हणत, "निजलाय."

गेल्या सोमवारी सकाळी त्यांनी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. तोवर जरा टेकतो म्हणून बसले. उठले नाहीत.

मी अजून त्यांच्या टेबलाकडे पाठ करून बसते.

आमची पेजरची कंपनी आहे. माणूस आमच्या केंद्राला फोन करतो, पेजरचा नंबर आणि निरोप सांगतो. आम्ही मुली तो टाइप करतो, आणि गावात कुठेतरी कुणाच्या तरी कमरेला तो वाजतो. मी धारवाडला इंग्रजी साहित्यात बी. ए. केलं आणि बंगळूरला येऊन दुसऱ्यांची वाक्यं टाइप करू लागले. नागनाथअण्णा निपाणीचे. व्यापाऱ्यांना नंबर विकणं हे त्यांचं काम. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून डबा एकत्र. माझ्या वडिलांच्या वयाचे होते, पण मैत्री म्हणतात ती हीच असावी.

व्यापारी आला की ते आधी विचारत, "एकाला सांगायचंय की शंभरांना?" एकाला सांगायचं तर साधा नंबर. शंभरांना सांगायचं तर गटाचा. गटाचा नंबर सगळ्यांच्या पेजरमध्ये भरून ठेवायचा, की एका फोनवर निरोप सगळीकडे एकदम वाजतो. "साध्या नंबराला माणूस असतो," ते म्हणत. "गटाच्या नंबराला नुसती गर्दी. दोन्ही कधी मिसळायचे नाहीत." गटाच्या नंबरांची मालिका म्हणूनच वेगळी होती.

आणखी एक नियम त्यांचा स्वतःचा होता. कंपनीच्या कागदात तो नव्हता. साधा नंबर बंद झाला की एक दिवाळी उलटल्याशिवाय तो दुसऱ्याला द्यायचा नाही. दिवाळीला लोक जुन्या नंबरांवर शुभेच्छा पाठवतात. त्या दिवसांतही कुणी आठवण काढली नाही, म्हणजे नंबर मोकळा.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मल्लाप्पांसाठी.

मल्लाप्पा चिकपेटेतले रेशमाचे ठोक व्यापारी. नवा माल आला की आपल्या किरकोळ दुकानदारांना एका निरोपात कळवायचं, एवढीच त्यांची गरज. गटाचा नंबर हवा हे पहिल्या चहालाच ठरलं. पण त्यांना अंकांची बेरीज नऊ हवी होती.

"नंबर घेताय की सून बघताय?" अण्णा म्हणाले.

"सून एकदा चुकली तर चालतं हो. नंबर रोज वाजतो."

"मग त्याची पत्रिकाही आणा."

"तुम्ही नंबर द्या, पत्रिका मी करवून घेतो. पण दिवाळीच्या आत. दिवाळी झाल्यावर साड्या मी नेसू काय?"

गटाच्या मालिकेत नऊ बेरजेचे सगळे नंबर गेलेले होते. अण्णांनी साध्या नंबरांत शोधलं. एक सापडला. उन्हाळ्यात बंद झालेला. त्यांनी तो मोठ्याने म्हणून बघितला, स्वल्प थांबले, आणि दिला. सगळ्या दुकानदारांच्या पेजरमध्ये तो स्वतः भरून दिला.

आठवड्याभरात मल्लाप्पांचा फोन आला. "अण्णा, माझे दुकानदार हसतायत मला. रोज दुपारी विचारतात, हा 'जेवलास का' कुठला नवा माल?"

दुपारी जेवणाच्या वेळेला सगळ्या दुकानदारांच्या कमरेला एक निरोप वाजत होता. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. अजित, जेवलास का. आई.

आमच्यापैकी जिच्याकडे फोन येईल ती टाइप करत होती. निरोप कुणाचा, कुणाला, हे आम्ही विचारायचं नसतं.

दोनच दिवसांनी त्या स्वतः आल्या. अंबूबाई, बनशंकरी भागात राहणाऱ्या. हातात पितळी डबा, त्यात बेसनाचे लाडू. त्यांचा मुलगा अजित इलेक्ट्रॉनिक सिटीत झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात एका कामाला म्हणून निघाला तो परत आला नाही. पोलिसांनाही सापडला नाही. त्याच्या पेजरवर त्या रोज बूथवरून फोन करत राहिल्या. रोज आमची एखादी मुलगी सांगायची, नंबर बंद आहे. दिवसभरात हे वाक्य आम्ही इतक्यांदा म्हणतो की कुणाला म्हटलं ते आठवत नाही.

आणि मग एका दुपारी मुलीने सांगितलं, निरोप गेला.

"चालू केला त्याने," अंबूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा होता. "तुम्हाला कळत असेल ना अण्णा, कुठनं चालू केला ते?"

"पेजरला जागा कळत नाही, अक्का."

"पण चालू आहे."

"नंबर चालू आहे."

"मग बिल कुणी भरलं? त्यानेच ना?"

मी अण्णांकडे बघत होते. ते म्हणाले, "मी बघतो. मी येऊन सांगतो तुम्हाला. घर कुठे आलं?"

अंबूबाईंनी घर सांगितलं. देवळामागची गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वर. लाडू ठेवून गेल्या. अण्णांनी त्यांची खुर्ची सरळ केली आणि बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"आत्ताच सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"इथं? या खुर्चीत? आणि मग बसमध्ये एकटीने बसून घरी जायचं तिनं?"

"मग फोन करा."

"फोनवर नाही. आणि आधी नंबर रिकामा करतो. मी तिच्यासमोर बसलेला असताना हा बाजारात वाजत असला तर काय तोंडाने सांगू?"

मल्लाप्पांना त्यांनी दुसरा नंबर दिला. बेरजेचं विचारलं नाही, मल्लाप्पाही बोलले नाहीत. पण गटाचा नंबर बदलायचा तर प्रत्येक पेजर हातात घेऊन, यंत्राला जोडून, जुना नंबर पुसून नवा भरावा लागतो. दिवाळीची गर्दी, दुकानदार पेजर सोडायला तयार नाहीत. अण्णा स्वतः चिकपेटेत हिंडले. पिशवीत चार-पाच पेजर आणायचे, बदलायचे, पोचवायचे. त्यांनी मलाही ते यंत्र शिकवलं. "शिकून ठेव," म्हणाले. इतकंच. त्यात काही सूचना होती असं मला वाटत नाही. पण आता सगळ्याच वाक्यांत ती दिसते.

एकदा मी विचारलं, "तुम्ही लांबवताय का?"

"हो," ते म्हणाले. आणि पुढचा पेजर यंत्राला जोडला.

निरोप येतच होते. अजित, दिवाळीला ये. अजित, तुझा सदरा शिवून आलाय. दर वेळी अण्णांसमोरचे पेजर एकदम थरथरत, टेबलावर थोडे थोडे सरकत. अण्णा हातातलं काम थांबवून ते थांबेपर्यंत बघत राहायचे. डब्याच्या वेळी आपला पेजर ते उपडा ठेवत, पण हे कधी उपडे ठेवले नाहीत.

दिवाळी परवा संपली. आज साहेबांनी मला बोलावलं.

"नागनाथांच्या टेबलावर तीन पेजर राहिलेत. तुला येतं ना ते? संध्याकाळपर्यंत करून टाक. जुना नंबर बंद करून टाकू."

मी हो म्हटलं. अण्णांच्या खुर्चीत बसले नाही, दुसरी ओढून घेतली. तीन काळे पेजर, प्रत्येकाला दुकानाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. अण्णांचं अक्षर. शेजारी पितळी डबा, घासून ठेवलेला. परत करायला. देवळामागची गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वर. ही जागा आता ऑफिसात फक्त मला माहीत आहे.

हे तीन बदलले की नंबर निजेल. उद्या दुपारी आमची एखादी मुलगी अंबूबाईंना सांगेल, नंबर बंद आहे. त्याआधी कुणीतरी जायला हवं.

मी पहिल्या पेजरची वायर हातात घेतली. जेवणाची वेळ झाली होती. तिन्ही पेजर एकदम थरथरले आणि एकमेकांकडे सरकू लागले.