मांडीखालचे हात

काळेवाडीच्या चौकात कुणी साबणाचे फुगे उडवताना दिसलं की मला लेकीच्या ऑटिझमसाठी जायचो ती वाकडची थेरपीची खोली आठवते. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला, चूक दिसली की दुरुस्त करायची सवय. आनंद झाला की माझी लेक हात फडफडवायची, तेही मी मनगटं दाबून बंद केलं होतं. “मॅडम, आता नाही हलवत,” मी अभिमानाने सांगितलं. थेरपीवाल्या मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, फुगे सोडले आणि स्वतःच हात फडफडवू लागल्या. लेक हसली, मांडीखाली दाबलेले हात तिने अर्धवट बाहेर काढले आणि थांबून माझ्याकडे बघितलं. “पप्पा, तिला हो म्हणा,” मॅडम हळूच म्हणाल्या. आता मी अडवत नाही, तरी आनंद झाला की ती आधी माझ्याकडे बघते.